तोफ मागे सरकली का?

वाचकांचे प्रश्न
उत्तरं : तोफखान्यातले एक निवृत्त सुभेदार, देवळाली कॅम्प

मागच्या अंकात जुन्या युद्धपटांवर मी दोन पानं लिहिली. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी द्राक्षं आणायच्या पिशवीत कोंबून पाठवून दिली. काही पत्रांत नुसतं ‘जय हिंद साहेब’ एवढंच आहे, त्यांना जय हिंद. बाकीच्यांतली ज्यांना मला उत्तर देता येईल तेवढी घेतली आहेत.

हे लिहायला बसलोय तेव्हा सकाळचे साडेनऊ झालेत आणि शिंगवे बहुल्याच्या बाजूला फायरिंग चालू आहे. दर दीडेक मिनिटाने कपाटाची काच कुरकुरते. आमच्या घरात याला कोणी आवाज म्हणत नाही.

‘बॅटल ऑफ द बल्ज’ लहानपणी वडिलांबरोबर पाहिला होता. परवा मुलाला मोठ्या कौतुकाने दाखवायला बसलो. तो टँकचे व्हिडिओ गेम खेळतो. दहाव्या मिनिटाला म्हणाला, “बाबा, यातला एकही टँक खरा नाही.” कार्टं बरोबर बोलतंय का?
– एक वाचक, गंगापूर रोड

बरोबर बोलतंय, त्याला रागावू नका. फक्त एक दुरुस्ती करा : टँक खरेच आहेत, ते जे सोंग घेऊन आलेत ते खोटं आहे. बहुरूप्यासारखं.

खरी लढाई डिसेंबर १९४४ ची. बेल्जियम-लक्झेंबर्गच्या आर्देन जंगलात, गुडघाभर बर्फात, सूचिपर्णी झाडांच्या गर्दीत झालेली. चित्रपट १९६५ चा, चित्रीकरण स्पेनमध्ये. त्यामुळे शेवटची मोठी टँकलढाई होते ती सिन्नरच्या पलीकडच्या माळासारख्या कोरड्या, धुळीच्या मैदानावर. जर्मनांचा ‘किंग टायगर’ म्हणून जो पुढे येतो तो अमेरिकन एम-४७ पॅटन. आणि त्याच्याशी झुंजणारा अमेरिकन ‘शर्मन’ म्हणजे एम-२४ चॅफी.

आता आकडे बघा. किंग टायगर जवळजवळ ७० टनांचं धूड, तोफ ८८ मिलिमीटरची. एम-४७ सुमारे ४६ टनांचा, आणि तो तयार झाला १९५० नंतर. म्हणजे जी लढाई तो पडद्यावर लढतोय ती झाली तेव्हा त्याचा नकाशाही कागदावर नव्हता. चॅफी हा १८ टनांचा हलका टँक, शर्मन तिशीच्या पुढचा. गंमत अशी की त्याच डिसेंबरात पहिले चॅफी युरोपात पोचायला लागले होते. बिचाऱ्याला स्वतःच्या नावाने उभं केलं असतं तरी चाललं असतं!

असं का केलं? दुसरा इलाजच नव्हता. किंग टायगर मुळात पाचशेच्या आतबाहेर बनले. लढाईत जळले, पेट्रोल संपलं म्हणून क्रूने स्वतः उडवले, उरले ते भंगारात गेले. आज स्वतःच्या इंजिनावर चालणारा एक फ्रान्समधल्या सोमूरच्या संग्रहालयात आहे. निर्मात्याला एक टँक पुरत नाही, त्याला रांगच्या रांग लागते. शिवाय चालवणारे, डिझेल-पेट्रोल भरणारे, तुटलेला पट्टा जोडणारे. एवढं सगळं एकगठ्ठा फक्त कुठल्यातरी देशाच्या सेनेकडेच मिळतं. स्पेनच्या सेनेने ते दिलं आणि तिच्याकडे होते अमेरिकेने दिलेले टँक.

त्याच स्पेनमध्ये, त्याच सेनेला घेऊन पुढे ‘पॅटन’ झाला, १९७० साली. चित्रपट म्हणून उत्तमच. पण त्यात जर्मन टँक म्हणून कोण येतं? पॅटन टँक! जनरल साहेब डिसेंबर १९४५ मध्ये वारले, त्यानंतर त्यांचं नाव टँकला दिलं गेलं, आणि पडद्यावर ते दुर्बीण लावून आपल्याच नावाच्या टँकवर मारा करवून घेतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा खुर्चीत इतक्या मोठ्याने हसलो की शेजारच्याने ‘श्श’ केलं.

पॅटन म्हटलं की आपल्याला मात्र स्पेन आठवत नाही, खेमकरण आठवतं. सप्टेंबर १९६५ मध्ये तिथल्याच असल उत्तर गावी पाकिस्तानच्या पॅटनची जी दशा झाली ती आमच्या उस्तादांनी आम्हाला वर्गात फळ्यावर काढून शिकवली. उसाची उभी शेतं, त्यांत सोडलेलं पाणी, त्यात रुतलेले टँक. आपल्याकडे सेंच्युरियन होते, दुसऱ्या महायुद्धातले शर्मन होते, आणि हलके फ्रेंच एएमएक्स-१३ होते. कागदावर पॅटन सगळ्यांना भारी. नगरच्या टँक संग्रहालयात पॅटन उभा आहे, मुलाला घेऊन जा. ओतीव पोलादाची ती गोलसर पाठ हाताने चाचपून बघू दे. उन्हात तापलेली असते, बेताने. घरी येऊन पुन्हा तो १९६५ चा चित्रपट लावा. बाप-लेकाचं भांडण मिटेल.

या चुकीला मी माफ करतो. सोंग आणलं तरी तो टँक चालतो, वळतो, चिखल उडवतो, आत खरी माणसं घामाघूम झालेली असतात. मला राग कशाचा येतो ते पुढे एका उत्तरात सांगतो.

मला सगळे टँक सारखेच दिसतात. टीव्हीवर ओळखायचे कसे?
– एक आजी, इंदिरानगर

आजी, वर बघूच नका. वरचं घुमट आणि तोफ पत्रा-प्लायवूड लावून बदलता येते. खाली चाकं बघा. माणूस जसा चालीवरून ओळखू येतो तसा टँक चाकांवरून.

खऱ्या जर्मन टायगरची चाकं एकात एक घुसवलेली असतात, मांडणीवर थाळ्या तिरक्या लावून ठेवल्यासारखी. पट्टा ओढणारं दातेरी चाक पुढे असतं. रशियन टी-३४ ला पाच मोठाली चाकं, सुटी सुटी, आणि दातेरी चाक मागे. ‘केलीज हीरोज’ हा १९७० चा चित्रपट युगोस्लाव्हियात झाला. त्यातले टायगर वरून फार छान सजवलेत, पण खाली बघितलं की टी-३४ ची पाच चाकं. १९९८ च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्येही तीच युक्ती. खरा, चालता टायगर बघायचा असेल तर २०१४ चा ‘फ्यूरी’ लावा. त्यातला १९४३ मध्ये ट्युनिशियात इंग्रजांच्या हाती लागलेला आहे आणि एरवी तो इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात असतो.

आपल्याकडच्यांसाठी एवढं लक्षात ठेवा : पाच चाकं आणि पहिल्या-दुसऱ्यात मोठी फट म्हणजे टी-५४ किंवा टी-५५ च्या घराण्यातला. टी-७२ ला चाकं सहा. नातवंडांवर छाप पाडायला पुरे आहे.

‘बॉर्डर’ पाहून आम्हा मित्रांत वाद झाला. लोंगेवालाला पाकिस्तानकडे नक्की कोणते टँक होते? आणि आपल्या जीपवरची ती लांब नळीची तोफ कसली? ती टँक फोडू शकते का?
– एक विद्यार्थी, सिडको

५ डिसेंबर १९७१ च्या पहाटे आले ते प्रामुख्याने टी-५९, आणि त्यांच्याबरोबर काही शर्मन. टी-५९ म्हणजे चीनने केलेली रशियन टी-५४ ची नक्कल. आपल्याकडचा टी-५५ हा त्याच टी-५४ चा धाकटा भाऊ. तेव्हा कोणी चित्रपटात आपला टी-५५ टी-५९ म्हणून उभा केला तर मी हरकत घेणार नाही. भावाचा सदरा भावाने घातला.

जीपवरची ती १०६ मिलिमीटर आरसीएल, म्हणजे रिकॉइललेस, धक्का न देणारी तोफ. हिच्यात एक गंमत आहे. हिचं तोंड मोजलंत तर १०५ भरेल. अमेरिकनांकडे आधीची एक १०५ ची आरसीएल होती, दोन्हींचा दारूगोळा एकमेकांत मिसळू नये म्हणून नवीला १०६ म्हटलं, आणि तेच नाव जगभर झालं. असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी पॅटन टिपले ते याच तोफेने, जीपवरूनच. तेव्हा टँक फोडू शकते का, हा वाद मित्रांनी मिटवून टाकावा.

आता पडद्यावर काय चुकतं ते सांगतो. आरसीएलला धक्का बसत नाही, कारण गोळा पुढे जातो तेव्हा दारूचा निम्मा-अधिक जाळ मागच्या भोकांतून बाहेर फेकला जातो. म्हणून तर एवढी मोठी नळी जीपसारख्या हलक्या गाडीवर बसते. पण त्या जाळाच्या वाटेत मागे कोणी उभं असेल तर त्याचं काही खरं नाही. फायरच्या आधी आम्ही घसा फोडून ओरडायचो, “पीछे साफ!” आणि नंबर वन स्वतः वळून बघायचा. चित्रपटात मात्र हमखास कोणीतरी बरोब्बर मागे उभा राहून हिरोला गोळा आणून देत असतो. तो दुसरा गोळा आणायला उरणार नाही.

दुसरं, या नळीवर एक लहान बंदूक बसवलेली असते. आधी तिची गोळी सोडायची. ती लागली तिथे धुराचा ठिपका उठतो, तो टँकवर दिसला की लगेच मोठा गोळा. आणि मारला की जीप तिथून हलवायची, कारण मागे उडालेल्या धुळीचा ढग शत्रूला आपला पत्ता सांगतो. वाळवंटात तर मैलभरावरून. पडद्यावर जीप एकाच जागी ठाण मांडून चार टँक फोडते.

लोंगेवालाबद्दल एक गोष्ट आमच्या तोफखान्याची म्हणून सांगतो. जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करण्याची सोय नव्हती, म्हणून उजाडेपर्यंत लोंगेवालाच्या ठाण्यावरच्या २३ पंजाब बटालियनच्या कंपनीने तग धरायचा होता. उजाडल्यावर हंटरांच्या चार-चार ३० मिलिमीटर तोफांनी आणि रॉकेटांनी टँकांची शिकार केली. त्या वैमानिकांना वरून लक्ष्य दाखवत फिरत होते मेजर आत्मा सिंग, ‘कृषक’ नावाच्या चिमुकल्या विमानातून. हे एअर ओपीवाले, म्हणजे हवेतून तोफांचा मारा दुरुस्त करणारे अधिकारी. तेव्हा ही शाखा तोफखान्याचाच भाग होती, आर्मी एव्हिएशन वेगळी झाली ती १९८६ मध्ये. नाशिकरोडला गांधीनगरच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरं घिरट्या घालताना दिसतात ना, तो त्याच घराण्याचा वारसा. रणगाड्यांभोवती विमानं नाचताना सगळे बघतात, त्या कृषकचं नाव कोणी घेत नाही. शेतावर औषध मारायला निघाल्यासारखं दिसायचं ते.

तुम्ही मागच्या लेखात लिहिलंत की युद्धपटातल्या तोफा बघवत नाहीत. एवढा राग कशाचा? आम्हाला तर जाळ आणि आवाज मस्त वाटतो.
– एक वाचक, द्वारका

तुम्ही प्रश्न विचारलात, आता ऐका. चहा ठेवा.

पुढच्या वेळी पडद्यावर तोफ उडाली की तिच्या तोंडाकडे बघू नका. नळीकडे बघा. नळी मागे सरकली का? नव्वद टक्के वेळा नाही सरकत. तोंडातून धूर, मोठा आवाज, आणि नळी देवळातल्या खांबासारखी जागच्या जागी. का? कारण आत गोळाच नाही, नुसती दारू आहे, किंवा नळीत गॅस भरून ठिणगी दिलेली आहे. पुढे वजन गेलं नाही तर मागे धक्का कुठून येणार?

मी १९७३ ला नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात भरती झालो आणि शिकलो पंचवीस पाउंडरवर. तिचा गोळा साडेअकरा किलोचा. तो बारा किलोमीटरपर्यंत जायचा. एवढं वजन गोळीच्या वेगाने बाहेर पडलं की नळी हातभर मागे येते, आतलं तेल तो धक्का पितं, आणि दाबलेली हवा तिला पुन्हा पुढे ढकलते. मागे सप्प, पुढे हळूच. म्हशीने मान मागे घेऊन परत गव्हाणीत घालावी तशी. हे बघितल्याशिवाय तोफ जिवंत वाटतच नाही.

आता हातांकडे बघा. पंचवीस पाउंडरवर सहा माणसं. नंबर एक हवालदार, हुकूम त्याचा. नंबर दोन ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं झाकण, उघडतो-बंद करतो आणि गोळा आत ठोकतो. नंबर तीन निशाणीवर बसतो, तोच फायर करतो. नंबर चार भरतो. पाच-सहा दारूगोळ्यावर. आणि तिचा गोळा आणि काडतूस वेगवेगळं भरायचं असतं. आधी गोळा, तो दांड्याने आत ठोकला की ‘टण्ण’ असा आवाज येतो, तो नाही आला तर गोळा नीट बसला नाही. मग पितळी काडतूस, त्यात दारूच्या पिशव्या : एक नंबरचा चार्ज लाल, दोनला पांढरी पिशवी वाढते, तीनला निळी. अंतर कमी असेल तर पिशव्या काढून टाकायच्या. चित्रपटात मात्र एक लांबलचक चकचकीत काडतूस एकाच झटक्यात आत जातं, ब्रीच लागते, धडाम! पाच सेकंदांत सहा माणसांचं काम एका हिरोने केलं.

माझा राग हा आहे. टँक दुसऱ्याचा असला तर तो नाइलाज. पण तोफेला वजनच नाही, भरायला कष्टच नाहीत, असं दाखवणं म्हणजे त्या सहा जणांच्या खांद्यांचा अपमान. माझा उजवा खांदा अजून थंडीत बोलतो.

एक किस्सा सांगतो. नव्वदच्या आसपास एका चित्रपटाचं युनिट आलं होतं. कुठला, ते विचारू नका. लढाई १९६५ ची होती. शोभेला ठेवलेली एक पंचवीस पाउंडर आणि आम्ही सहा जण त्यांना मिळालो. दोन-तीन शॉट झाले. दिग्दर्शक दुर्बिणीसारखी बोटं डोळ्याला लावून म्हणाला, “साब, मज़ा नहीं आ रहा. गन हिलती नहीं.” आमचे हवालदार म्हणाले, “गोला नहीं है तो क्या हिलेगी?” मग त्यांनी युक्ती काढली. तोफेखाली आणि नळीवर मुलतानी माती पसरली, आणि ‘फायर’ झालं की आम्ही चौघांनी मागच्या ट्रेलला, म्हणजे तोफेच्या शेपटीला, धरून ती गदगदा हलवायची. खऱ्या फायरिंगला आम्ही तोफेभोवती पाणी मारतो, धूळ उडून जागा दिसू नये म्हणून. इथे उलट पोतं रिकामं केलं! पहिल्या टेकला सगळे इतके शिंकलो की आवाजाचा माणूस कपाळाला हात लावून बसला.

नंतर ते म्हणाले, गोळा आणि काडतूस एकदम घाला, शॉट लांबतोय. हवालदारांनी तोफेवरचा हात काढून घेतला. “पहले गोला, फिर कार्ट्रिज. वरना आप ख़ुद भर लीजिए.” पाऊण तास शूटिंग बंद. शेवटी त्यांच्या मनासारखं झालं, कारण संकलनात त्यांनी मधला तुकडा कापून टाकला.

चित्रपट लागला तेव्हा सौभाग्यवतींना घेऊन गेलो. माझा चेहरा नव्हताच, नुसता हात. चार सेकंद. गोळा घेतलेला माझा हात पडदाभर आला आणि ही माझ्या कानात म्हणाली, “अहो, घड्याळ.” मनगटावर माझं डिजिटल घड्याळ लखलखत होतं. १९६५ मध्ये! सहा महिने मी लोकांच्या नळ्या मोजत होतो आणि आपलं मनगट विसरलो. अजूनही घरात कोणी माझ्याशी वाद घालायला लागलं की ही नुसती मनगटाकडे बोट दाखवते.

जाळाचं म्हणाल तर तो पेट्रोलचा असतो. नारिंगी, गोलगोल, वर चढत जाणारा. खरा गोळा फुटतो तेव्हा क्षणभर चमक, आणि मग काळसर मातीचा कोंब जमिनीतून उपटल्यासारखा वर येतो. दिसायला अगदीच साधा. शिवाय पडद्यावर चमक आणि आवाज एकदम. खरं तर आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. चमक दिसल्यावर सात मोजले आणि मग आवाज आला तर गोळा जवळजवळ २४०० मीटरवर फुटला. रंगरूट असताना आम्हाला हे बोटांवर मोजायला लावायचे. आता पावसाळ्यात वीज चमकली की नातू मोजतो.

ऐतिहासिक मराठी चित्रपटांत गडावरून तोफ उडते आणि खाली बॉम्ब पडल्यासारखा स्फोट होतो. तेव्हा असे गोळे होते का?
– एक शिक्षिका, पंचवटी

बाई, बहुतेक तोफगोळे भरीव असत. दगडाचे किंवा लोखंडाचे. ते फुटत नाहीत. ते पडतात, टप्पा घेतात आणि वाटेत येईल ते मोडत जातात. क्रिकेटच्या चेंडूसारखा टप्पा, फक्त अडवायला जायचं नाही. आत दारू भरून वात लावलेले गोळेही होते, पण ते प्रामुख्याने उखळी तोफांतून उंच सोडायचे. लांब नळीच्या तोफेचा प्रत्येक गोळा फुटतो असं दाखवणं चूक. भरीव गोळ्याने तटाचा दगड ढासळतो, ते दाखवायला खर्च येतो. पेट्रोल स्वस्त पडतं.

आपल्या रामशेजचीच गोष्ट मुलांना सांगा. १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला, आणि तो वर्षानुवर्षं चालला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, किल्लेदाराने लाकडाचे ओंडके कोरून तोफा केल्या आणि त्यांनीच मारा केला, असं मोगलांच्या बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवलंय. शत्रूने लिहिलंय, म्हणून मला जास्त खरं वाटतं. तोफची म्हणून विचार केला की अंगावर काटा येतो. लाकडाची नळी आणि तिच्यामागे उभा राहून बत्ती देणारा माणूस! पहिला बार काढताना त्याच्या मनात काय आलं असेल.

काही झटपट प्रश्न

*हातगोळ्याची पिन दाताने काढता येते का?* (उपनगर) – दात काढता येतील. पिनचे पाय वाकवलेले असतात, बोटाने ओढतानाही जोर लागतो.

*१९६२ च्या लडाखवरच्या चित्रपटात आपले टँक दाखवले तर ती चूक समजायची ना?* (जेल रोड) – नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ टँक एएन-१२ विमानांनी चुशूलला उतरवले होते. मात्र रेझांग ला वर मेजर शैतान सिंगांच्या कंपनीला तोफांचा आधार मिळाला नाही. तोफा आणि त्यांच्यामध्ये डोंगराची धार येत होती, गोळा तिच्यावरून पलीकडे नेमका उतरवता येत नव्हता. आम्ही त्याला ‘क्रेस्ट’ म्हणतो. हा शब्द वर्गात आला की उस्ताद थोडा वेळ गप्प बसायचे.

*थ्री नॉट थ्री मधून न थांबता किती गोळ्या सुटतात?* (मखमलाबाद) – मॅगझिनमध्ये दहा, आणि प्रत्येक गोळीला बोल्ट हाताने ओढावा लागतो. चित्रपटातली अक्षय्य थाळी वेगळी.

*देवळाली कधी परदेशी पडद्यावर आली आहे का?* (भगूर) – नावाने आली आहे. बीबीसीची एक विनोदी मालिका १९७४ ते १९८१ चालली, ती दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीतल्या तोफखान्याच्या नाटकमंडळावर. चित्रीकरण सगळं इंग्लंडात. म्हणजे टँकच नाही, आपलं अख्खं गावही सोंग घेऊन आलं.

शेवटचं पत्र माझ्या चुकीचं. “मागच्या अंकात आपण लिहिलंत की १९६९ च्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’मधली जर्मन विमानं तरी अस्सल होती. ती नव्हती. कृपया दुरुस्ती छापावी.”
– विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर, ओझर

छापतो. मी तोफखान्याचा माणूस, चाकं बघतो. विमानाला चाकं आत घेतात, मग माझं काही चालत नाही. या गृहस्थांनी चार पानं लिहिली आहेत, पेन्सिलीने आकृत्या काढून. सारांश असा : ती मेसरश्मिट नव्हेत, स्पेनमध्ये बनलेली ‘बुचॉन’ विमानं. सांगाडा जर्मन, पण इंजिन ब्रिटिश रोल्स-रॉइसचं मर्लिन. म्हणजे ब्रिटिशांच्या स्पिटफायर विमानात जे, तेच. पडद्यावर दोन्ही शत्रू एकाच जातीच्या इंजिनाने गुरगुरतात! हाइंकेल बाँबरही स्पेनमध्ये बनलेले, त्यांच्याही पंखांवर मर्लिनच.

ओळखायचं कसं तेही त्यांनी सांगितलंय. जर्मन इंजिन उलटं बसवलेलं असायचं, त्यामुळे धुराड्यांची रांग नाकाच्या खालच्या अंगाला. मर्लिन सुलटं, म्हणून रांग वर. आणि बुचॉनच्या नाकाखाली मोठी हनुवटी लोंबते.

मी काल रात्री चित्रपट पुन्हा लावला. धुराडी वरच आहेत. नातू म्हणाला, “आजोबा, हनुवटी पण आहे.” ओझरकरांना मी पोस्टकार्ड टाकलंय, रविवारी देवळालीला या, येताना पेन्सिल आणा म्हणून.